शेवटचं कडवं कोणी कापलं?

लोकसंगीताच्या कार्यक्रमाचं परीक्षण वर्तमानपत्रात वाचून संबळ कोणी वाजवलं हे क्वचितच कळतं. दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते झालं, शाल-श्रीफळ कोणाला मिळालं, प्रायोजक कोण होते, आभार कोणी मानले, हे मात्र सगळं कळतं. मधल्या दोन ओळींत शाहिराचा आवाज 'पहाडी' असतो, लावणी 'ठसकेबाज' असते, गोंधळाने वातावरण 'भारावून' जातं आणि शेवटी रसिक 'मंत्रमुग्ध' होतात. गावाचं आणि आमदाराचं नाव बदलून हाच मजकूर पुढच्या वर्षी छापला, तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

असल्या परीक्षणाचा लोकसंगीत ऐकणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. पण म्हणून परीक्षणच नको, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

कारण लिहिता येत नाही असं नाही. ख्यालगायकीवर मराठीत किती बारकाईने लिहिलं गेलं आहे! केशवराव भोळ्यांनी 'एकलव्य' या नावाने गवयांची गाणी उलगडून दाखवली. वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' 1961 साली आलं, आणि जयपूरची लय आणि किराण्याचा स्वर कसा ऐकायचा हे कित्येक घरांत त्या पुस्तकाने शिकवलं. तबलजीने ठेका आवरता धरला का, पेटी गळ्याच्या पुढे पळाली का, तंबोरा उतरला होता का, हे आपण छापत आलो आणि वाचत आलो. मग त्याच गावात, त्याच आठवड्यात जागरण झालं, तर तो कान कुठे जातो?

शाहिराचंच बघा. पोवाड्याची ओळ शाहीर सोडतो तेव्हा मागे तुणतुणं धरून उभा असलेला झीलकरी ती उचलतो, वरच्या पट्टीत ताणून धरतो. तेवढ्या वेळात शाहिराला श्वास मिळतो, पुढचा चौक जिभेवर येतो, डफावरची पकड बदलता येते. झील ढिली पडली तर शाहीर कितीही दमदार असो, तिसऱ्या चौकाला त्याचा दम तुटतो. म्हणजे निम्मा पोवाडा मागच्या माणसांच्या गळ्यावर उभा असतो. 'पहाडी आवाज' लिहिणाऱ्याने त्या झीलकऱ्याकडे मान वळवून तरी पाहिलं का?

आता खरा प्रश्न. लोकसंगीत ऐकणाऱ्याला परीक्षणाची गरज कधी होती तरी का?

गावात नव्हती. तिथे निवाडा करायची पद्धत वेगळी होती आणि ती छापील परीक्षणापेक्षा कडक होती. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात जत्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच, जत्रा कमिटीचे लोक तिथे येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, भाव करतात आणि सुपारी देतात. गेल्या वर्षी शेजारच्या गावात वग कसा रंगला, ढोलकी कोणाची होती, गौळणीला नवा माणूस कोण आलाय, कोणता फड मध्यरात्रीनंतर उरकतं घेतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. एका फडाने एका जत्रेत कसर केली की पुढच्या साली त्या पट्ट्यातली सुपारी गेली. याहून परिणामकारक परीक्षण मी पाहिलेलं नाही.

कलगी-तुऱ्यात तर समोरचा पक्षच परीक्षक. एका बाजूने भेदिक कवनात कूट घालायचं, दुसऱ्या बाजूने ते उकलायचं. पुराणातला दाखला चुकला की तो तिथल्या तिथे उघडा पडायचा. ऐकायला बसलेल्या म्हाताऱ्यांना हरिविजय, पांडवप्रताप तोंडपाठ, त्यामुळे थाप मारून वेळ मारून नेता यायची नाही. त्या श्रोत्याला दुसऱ्या दिवशी कोणी छापून काय सांगणार?

दौलतजादा ही लोकांची दाद, असंही काही जण सांगतात. ते मला मान्य नाही. फेकलेल्या नोटेत गाण्याला दिलेली पसंती किती आणि बाईला नमवण्याची हौस किती, हे बोर्डावर उभ्या असलेल्या बाईलाच विचारावं. गावातली सगळीच रीत निर्मळ होती, असं म्हणण्यात अर्थ नाही. पण तिथल्या श्रोत्याला समोर काय चाललंय ते कळत होतं, एवढं नक्की.

आज ऐकणारा जागचा हलला आहे. तो पिंपरीच्या सोसायटीत आहे, ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये कानात बोंडं घालून आहे, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात आहे. त्याच्या आजीने जागरण घातलं होतं, आईने पाहिलं होतं, त्याने त्याची सहा मिनिटांची चित्रफीत पाहिली आहे. ऐकण्याची ओढ खरी आहे. ऐकण्यासाठी लागणारी माहिती मात्र वाटेत गळून गेली. ती हातात देणारं कोणी हवं, आणि परीक्षणाचं खरं काम इथेच सुरू होतं.

जागरणच घेऊ. घरात लग्न झालं, नवस फिटला की खंडोबाच्या नावाने ते घातलं जातं. पाच ताटांचा, म्हणजे उसाच्या किंवा ज्वारीच्या पाच धाटांचा मांडव उभा राहतो. खाली चौक भरतात, देव मांडतात, भंडारा, खोबरं, दिवटी असते. वाघ्याच्या हातात दिमडी, मुरळीच्या हातात घाटी, साथीला तुणतुणं. आधी गण. मग देवांना बोलावणं. जेजुरीपासून सुरुवात करून एकेका ठाण्याचं नाव घेत वाघ्या सगळ्यांना जागरणाला आणतो, आणि घरच्या माणसाचं कुलदैवत सुटलं तर घरची म्हातारी तिथल्या तिथे आठवण करून देते. मग पदं, मग रात्रभर चालणारी कथा. चढत्या लयीत मुरळी फिरते, बाणाईची गोष्ट येते तेव्हा पेंगणारी मंडळी सावरून बसतात. उजाडायच्या सुमारास लोखंडी साखळी ताणून तोडतात, तो लंगर. तळी उचलतात, येळकोट होतो, आणि तेव्हा ते पुरं होतं.

रंगमंचावर यातलं काय येतं? बाणाईचं एक पद, भंडाऱ्याची उधळण आणि एक गिरकी. वेळेची मर्यादा मला समजते. नाट्यगृहात रात्रभर देव बोलावता येणार नाहीत. शाहीर साबळ्यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' मंचावर आणली तेव्हा त्यांनाही निवड करावीच लागली. त्यांची निवड जाणत्याची होती, आणि तिने लाखो शहरी माणसांना या गाण्यांच्या दारापर्यंत आणून सोडलं. तक्रार छाटण्याची नाही. छाटलं गेलं हे प्रेक्षकाला कोणी सांगतच नाही, याची आहे. देवांना बोलावणं गाळलं, हे परीक्षणात आलं पाहिजे. ते कळलं तर निदान एखादा श्रोता पुढच्या वेळी अख्खं जागरण ऐकायला कोणाच्या तरी अंगणात जाऊन बसेल.

सगळ्यात वाईट छाटणी असते ती शेवटच्या कडव्याची.

आपल्या शाहिरी परंपरेत कवी आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. राम जोशी, सगनभाऊ, परशराम, होनाजी, सगळ्यांनी तेच केलं. होनाजी-बाळा या जोडीत कवनं करणारा होनाजी शिलारखाने आणि गाणारा बाळा करंजकर. गायकाच्या गोड गळ्याखाली कवी बुडाला नाही, कारण त्याचं नाव गाण्याच्या आतच बसलेलं होतं. छापखाना नव्हता, हक्काचा कायदा नव्हता. ज्यांच्या नावाने सातबारा नव्हता, त्यांनी आपलं नाव लोकांच्या तोंडात ठेवून दिलं. वामनदादा कर्डकांनी आंबेडकरी गाण्यांत हीच रीत चालवली. शेवटच्या कडव्यात 'वामन' आला की जलशातला माणूस मान डोलावतो, कारण कोण बोलतंय हे त्याला कळतं.

आता मंचावर तीन कडवी गाऊन चौथं सोडतात. चित्रफितीला तेवढीच लांबी चालते. शेवटचं कडवं गेलं की कवी गेला. मग निवेदक म्हणतो, 'एक पारंपरिक गीत.' इंटरनेटवर गाणं चढवणारा गीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' भरतो. एकदा पारंपरिक म्हटलं की मानधन मागायला कोणी येत नाही, कवीच्या घरचं कोणी आलं तर त्याला ओळखत कोणी नाही. आणि परीक्षक? तो त्या तीन कडव्यांनी मंत्रमुग्ध झालेला असतो. नवा श्रोता फसतो तो इथे, आणि तो फसू नये म्हणून परीक्षण हवं. चौथं कडवं होतं, त्यात अमुक नाव होतं, ते गायलं गेलं नाही. एवढं एक वाक्य लिहिणारा परीक्षक मला दहा विशेषणं लिहिणाऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' ही छक्कड आजही सगळीकडे गायली जाते. गावाकडच्या बायकोच्या विरहाचं गाणं म्हणून अनेक जण ती ऐकतात. त्या विरहाच्या आत मुंबईतला कामगार आहे आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी आहे. गायकाने हा भाग गाळला असेल तर त्याने गाण्याचं पोटच काढून टाकलं, आणि तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे. 1944 साली अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं ते निव्वळ करमणुकीसाठी नव्हे, हे श्रोत्याला माहीत झालं की तेच गाणं त्याला वेगळं ऐकू येतं.

उलट बाजूही सांगायला हवी. 'मी डोलकर' हे कोळ्यांचं लोकगीत आहे असं समजून कित्येक लोक हळदीला नाचतात. शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. गाणं अप्रतिम आहे, त्याची गोडी यातून तसूभरही कमी होत नाही. पण कोळीवाड्यातल्या बायका हळदीत स्वतःची म्हणून जी गाणी म्हणतात ती वेगळी, आणि दोन्हींना एकाच टोपलीत टाकलं की कोळीवाड्यातली गाणी दिसेनाशी होतात. अशोक दा. रानड्यांनी लोकसंगीत, जनसंगीत, कलासंगीत, भक्तिसंगीत अशा कोटी पाडून दाखवल्या त्या यासाठीच. कोणतं श्रेष्ठ हे ठरवण्यासाठी त्या नव्हत्या. जे ऐकतोय ते कुठून आलं आणि कशासाठी केलं गेलं, हे कळण्यासाठी होत्या. रानड्यांनी 'लोकसंगीतशास्त्र' लिहून ठेवलं. त्यातलं थोडं तरी परीक्षणांत उतरायला किती वर्षं लागावीत?

वाद्यांचं तर बोलायलाच नको. चामड्याची हलगी वाजवायच्या आधी शेकावी लागते. आच लागली की चामडं ताणतं, आवाज टणक होतो. हवेत ओल असली की मध्येच पुन्हा उतरतो. मंचावर जाळ करता येत नाही, म्हणून प्लास्टिकचं पान आलं. वादकाची अडचण खरी आहे, त्याला दोष देता येणार नाही. पण दोन्हींचा नाद एक नाही. संबळाच्या जोडीतल्या मोठ्या तोंडावर टोकाला वाकवलेली काडी पडते तेव्हाचा घुमारा ऑक्टोपॅडमधून निघत नाही. 'संबळाचा कडकडाट' असं छापून येतं आणि प्रत्यक्षात मंचावर पॅड असतो, तेव्हा ते परीक्षण श्रोत्याशी खोटं बोलतं. खऱ्या संबळावर आयुष्य घातलेल्या गोंधळ्याशीही खोटं बोलतं.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. 'अहो, ती साधी माणसं, पोटासाठी गातात, त्यांचं काय परीक्षण करायचं?' हे दयाळूपण मला अजिबात सहन होत नाही. ज्या परंपरेत एक चुकलेला दाखला भर सभेत पकडला जायचा, तिला आपण 'साधी' म्हणून सूट देतो. सूट देणं म्हणजे त्यांच्या विद्येला विद्या न मानणं. ढोलकी आणि तबला दोन्ही हातांनीच वाजतात. एकाचा रियाज आपल्याला दिसतो आणि दुसऱ्याचा दिसत नाही, याचं कारण कानात नाही, जातीत आहे. कोल्हाटी, मांग, महार, गोंधळी, वाघ्या यांच्या घरातून आलेलं गाणं 'रांगडं' ठरलं, आणि रांगड्याला बारकावे नसतात हे गृहीत धरलं गेलं.

म्हणून त्यांच्या वाट्याला परीक्षण येत नाही, करुणकहाणी येते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. 2002 साली त्या गेल्या तेव्हा त्यांच्या शेवटच्या दिवसांतल्या हालांवर रकाने भरले. तमाशा चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभं राहिल्याचा प्रसंग तर प्रत्येकाने सांगितला. ते सांगायलाच हवं होतं, ते आपल्या समाजावरचं दोषपत्र आहे. पण बाई गायच्या कशा? लावणीचा मुखडा दर वेळी कसा उचलायच्या, वगातल्या पल्लेदार भाषणातून गाण्यात कशा शिरायच्या, ढोलकीवाल्याला डोळ्याने काय सांगायच्या? त्यांच्या हालांवर जेवढी शाई खर्च झाली त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढीच त्यांच्या गळ्यावर झाली. ख्याल गाणाऱ्याचा आवाज ऐकायचा आणि तमाशातल्या बाईची गरिबी ऐकायची, हा भेद आपण किती सहज करतो.

वाईच्या यमुनाबाईंचंही तेच. बैठकीची लावणी म्हणजे बसून केलेली अदा. एकच ओळ पुन्हापुन्हा घ्यायची, आणि दर वेळी मान, भुवई, बोटं आणि स्वर यांतून तिचा नवा अर्थ काढायचा. ठुमरीतल्या बोलबनावावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांना इथे लिहायला भरपूर होतं. 2012 साली यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचं वय किती, घर कसं, याच्या बातम्या आल्या. बैठकीची लावणी आणि फडाची लावणी यांत फरक काय, हे वाचकाला त्या निमित्ताने तरी किती जणांनी सांगितलं? आजही दोन्हींना 'ठसकेबाज' हा एकच शिक्का लागतो.

मग कसं लिहावं? एक नमुना आपल्याकडेच आहे, आणि तो परीक्षणाचा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या संग्रहातून त्या ऐकता येतात. ओवीला श्रोता नसतोच. पहाटे दळणारी बाई स्वतःशी आणि शेजारच्या जात्याशी गाते. तिथे चांगलं-वाईट ठरवायला कोण बसणार? पण ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, तिच्या जगण्याची चार वाक्यं आहेत. एवढं वाचून ओवी ऐकली की ती नुसती 'ग्रामीण बाज' राहत नाही; ती एका बाईचं म्हणणं होते. एकही विशेषण न वापरता कान तयार होतो.

परीक्षकाने याच्या पुढे जावं, डावं-उजवंही सांगावं. लय घाईची झाली तर घाईची म्हणावं. भारुड गाताना केलेली वेशभूषा नुसती हसवण्यापुरती उरली असेल तर तसं लिहावं, कारण एकनाथांच्या भारुडातला उपदेश बाजूला पडला की तिथे नक्कल तेवढी शिल्लक राहते. दाद द्यावी तीही नेमकी द्यावी: अमक्या जागेवर, अमक्या माणसाला. दीक्षाभूमीच्या आणि चैत्यभूमीच्या बाहेर कॅसेटच्या गाड्यांवर वर्षानुवर्षं गाणी विकली गेली. लोक गाडीपाशी उभं राहून ऐकायचे आणि पसंत पडेल ती उचलायचे. त्या श्रोत्याला प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आणि त्यांची नक्कल यातला फरक दोन ओळींत कळायचा. एवढ्या तयारीच्या कानांसाठी लिहायचं असेल तर लेखणीलाही तेवढी तयारी लागते.

ही तयारी फार अवघड नाही. कार्यक्रम संपला की पाहुणे आणि परीक्षक एकदमच गाडीत बसतात. फडाचं सामान आवरून ट्रकमध्ये चढायला मात्र तासभर तरी जातो. ढोलकीवाला तिथेच असतो, झीलकरी तिथेच असतो. चाल कोणाकडून आली, चौथं कडवं का सोडलं, कोणी सोडायला सांगितलं, हलगीला प्लास्टिकचं पान कधीपासून लावलं, हे सगळं ते सांगतात. विचारलं म्हणून त्यांना बरंच वाटतं. परीक्षकाने तो तासभर थांबावं, सांगतील ते उतरवून घ्यावं, आणि घरी जाण्याआधी प्रत्येकाचं नाव नीट विचारून लिहून घ्यावं.